हळदीचा डाग

फेस फक्त अक्षरांवर आला. आजूबाजूचा कागद नुसता ओला झाला होता, पण जिथे शाई होती तिथे बारीक पांढरे बुडबुडे उठले आणि 'खांड' हा शब्द क्षणभर कुणीतरी पांढऱ्या रेघेने गिरवल्यासारखा दिसला. कापसाचा बोळा माझ्या हातात तसाच राहिला. काय होतंय ते मला त्या क्षणी कळलं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी याच प्रक्रियेवर मी दीड पान उत्तर लिहिलं होतं. लोखंडाचे आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, आणि ते समोर येईल ते सेंद्रिय द्रव्य तोडत सुटतात. हेन्री फेंटनने १८९४ साली ही प्रक्रिया मांडली. माझी समीकरणं बरोबर होती, मार्कही पूर्ण मिळाले होते. पण ते सेंद्रिय द्रव्य म्हणजे कुणाच्या सासूबाईंनी ठेवलेली वही असेल, हे मला तेव्हा कुठून सुचणार होतं?

एम.एस्सी.साठी बडोद्यात येऊन मला दोन महिनेही झाले नव्हते. श्रावण होता, दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या लाकडी जिन्याला ओलसर वास यायचा. घरमालकीणबाईंना मी पहिल्या दिवसापासून आजी म्हणत होते. ऐंशीच्या आसपास वय, एकट्या राहतात, आणि बोलतात ते मराठी मी आधी कधी ऐकलं नव्हतं. खिडकीला 'बारी', गच्चीला 'अगाशी', साखरेला 'खांड'. वाक्य मराठी, पण उतरताना हळूच गुजराती हेल घेऊन उतरायचं. एका दुपारी त्यांनी कपाटातून मलमलच्या फडक्यात बांधलेली एक वही काढली. आत वेखंडाचा तुकडा होता, त्याचा तिखट वास खोलीभर पसरला. "तू केमिस्ट्रीची ना गं? मग हा डाग काढून दे मला," म्हणाल्या. वही त्यांच्या सासूबाईंची. दुधाचा रतीब, धोब्याचा हिशेब, कुणाच्या बारशाला काय दिलं ते, आणि मधेच एका पानावर कैरीच्या छुंद्याची कृती. शेजारच्या गुजराती बाईंकडून शिकलेली असणार. सासूबाईंची शाळा बडोद्याची, त्यामुळे हात दोन्ही लिप्यांत तयार झालेला. काही ओळींवर शिरोरेघ होती, काहींवर घाईत सुटलेली, अगदी गुजराती अक्षरांसारखी. आणि पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात हळदीचा मोठा डाग.

मी खाली उतरून औषधाच्या दुकानातून ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड आणलं, त्यात निम्मं पाणी घातलं, आणि कोपऱ्यावर थोडं लावून बघण्याऐवजी थेट डागाच्या मधोमध बोळा टेकवला. डाग फिकट झाला, पण गेला नाही. निळ्या-काळ्या अक्षरांचा मात्र गंजासारखा पिवळट रंग झाला, आणि दोन शब्द तर वाचताच येईनात. सकाळपर्यंत पान वाळलं तेव्हा ती जागा बोटाला पापडासारखी कुरकुरीत लागली. आजींनी चष्मा लावून पान उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं. "जाऊ दे," म्हणाल्या. मग वही पुन्हा त्याच फडक्यात, त्याच घड्या पाडून, वेखंडाचा तुकडा आत ठेवून त्यांनी कपाटात ठेवली. आधी जितक्या जपून काढली होती तितक्याच जपून.

ते जपून ठेवणं मला अजून आठवतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी संध्याकाळी घरी लवकर जायचं टाळायचे. फॅकल्टीतून निघायचं, काळ्या घोड्यापाशी यायचं, तिथून आत कमाटीबागेत. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे आणि इजिप्तची एक ममी आहे. शाळेच्या सहली ममीभोवती गर्दी करतात. मी त्या गर्दीत उभी राहून मुलांचे आवाज ऐकायचे आणि मनात येत राहायचं, हजारो वर्षांचं कापड टिकलंय आणि माझ्या हातून नव्वद वर्षांचा कागद एका दुपारी गेला. मग विश्वामित्रीचा पूल. पावसाळ्यात नदी मातकट होऊन फुगलेली असते, आणि कठड्याला टेकून लोक खाली मगर दिसते का बघत असतात. मला पहिल्यांदा दिसली ती नाकपुड्यांची दोन टोकं आणि मागे पाण्यावरची एक रेघ, बस्स. शेजारचा भाजीवाला म्हणाला, "आपण बघत नसलो तरी ती आहेच." पुलावरून रावपुऱ्याकडे, कधी तांबेकर वाड्यापर्यंत. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, आतल्या भिंती जमिनीपासून तुळयांपर्यंत चित्रांनी भरलेल्या. कृष्णलीला आहेत, फेटेवाले आणि फिरंगी यांच्या लढाया आहेत, आणि कुठे कुठे रंगच उरलेला नाही, नुसता चुना. पुसट झालेल्या एका घोड्यापुढे मी खूप वेळ उभी राहिले. इथे कुणी 'स्वच्छ' करायला फडकं घेऊन आलं असतं तर, असं मनात आलं आणि पोटात खड्डा पडला.

गज्जरांचं नाव मला कळलं ते याच दिवसांत. घरापासून चालत दहा मिनिटांवर कलाभवन आहे, तिथे आता इंजिनिअरिंग शिकवतात. ते १८९० साली सुरू झालं आणि त्यामागे त्रिभुवनदास गज्जर होते, बडोदा कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, मूळ सुरतचे. रंगकाम, विणकाम, यंत्रं, चित्रकला, सगळं एका छपराखाली शिकवायचं आणि तेही लोकांच्या भाषेत, हा त्यांचा ध्यास आणि सयाजीरावांचा पैसा. दादासाहेब फाळके इथेच शिकले. इथवर ठीक होतं. पण पुढचं वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. १८९६ मध्ये मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं, आणि तो काळा डाग दगडाला धक्का न लावता काढून दिला तो गज्जरांनी.

मी चिंचवडची. डांबर कुणी फासलं ते आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. रोज चापेकर चौकातून रिक्षाने जायचे, वाड्यावर सहल गेली होती, दामोदर चापेकरांचं काम मी चौथीत स्नेहसंमेलनात केलं होतं, मिशा काजळाने काढल्या होत्या. त्या डांबराबद्दल आम्हाला अभिमानच होता, आणि अजून आहे. पण त्या रात्री दांडिया बाजारातल्या खोलीत, पंख्याच्या खडखडाटात, मला पहिल्यांदा वाटलं की मी त्या पुतळ्यापाशी गज्जरांच्या बाजूला उभी राहून बघायला हवं होतं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की खलास. शिवाय सच्छिद्र, म्हणजे डांबर नुसतं वर बसलेलं नाही, आत मुरलेलं. त्या माणसाने आधी किती वेळ नुसतं पाहिलं असेल? कुठल्या दगडाच्या तुकड्यावर किती वेळा करून बघितलं असेल? राणीचा पुतळा स्वच्छ झाला याचं मला आजही काही वाटत नाही. पण हात कसा थांबला असेल, कुठे पुढे गेला असेल, ते मला जाणून घ्यायचं होतं. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "चिंचवडची पोरगी बडोद्याला जाऊन डांबर पुसणाऱ्याची फॅन झाली." चिडले नव्हते. पण त्यांना ते जरा लागलंच असावं, आणि मलाही.

बडोद्यात केमिस्ट्रीच्या मुलीने काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे, मग पेट्रोकेमिकल्स आलं, नंदेसरी, पादरा, पुढे दहेजपर्यंत कारखानेच कारखाने. त्याही आधी १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषध कंपनी निघाली. गज्जरांचे विद्यार्थी कोटिभास्कर, अमीन आणि स्वतः गज्जर, अशी ती सुरुवात. अलेम्बिक म्हणजे अर्क काढायचं भांडं. म्हणजे याही वाटेवर गज्जर आधीच उभे होते. मे महिन्यातल्या ट्रेनिंगसाठी नंदेसरीच्या एका कंपनीचं पत्र मला जानेवारीतच आलं. क्वालिटी कंट्रोलची लॅब, नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसीची मशिनं, बसची सोय, आणि काम बरं केलं तर पुढे नोकरी. मी लॅब बघूनही आले. पांढऱ्या टाइल्स, एसीचा थंड वास, एकसारख्या कुप्यांत एकसारखे नमुने, आणि प्रत्येक कुपीचं उत्तर हो किंवा नाही. तिथल्या सीनियर ताईंनी मला इतकं नीट समजावून सांगितलं की मला तिथे काम करणं आवडेल असं खरंच वाटलं. बाबा भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट करतात. एसी लॅब, पांढरा कोट, हे त्यांनी माझ्यासाठी मनात कधीपासून लावून ठेवलेलं चित्र आहे. ते मी हलकं समजत नाही.

पण मध्ये एक गोष्ट घडली होती. हॉस्टेलवरची एक मैत्रीण फाइन आर्ट्सला म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, करते. तो विभाग १९५२ पासून आहे, आणि मी त्याचं नावही इथे आल्यावर ऐकलं. वहीची गोष्ट मी फक्त तिलाच सांगितली होती. ती मला दिवाळीनंतर एका बाईंकडे घेऊन गेली. त्या घरीच कागदाचं संवर्धन करतात. उत्तरेकडच्या खिडकीपाशी एक लांब टेबल, त्यावर टिपकागदांच्या चळती, मऊ ब्रश, हाडाची एक चपटी पट्टी, आणि फाटलेला एक दस्तऐवज, मोडीतला. मी माझा गुन्हा सांगितला. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "कोपऱ्यावर बघितलंस आधी?" नाही म्हटलं. "किती वेळ नुसती बघितलीस वही?" मी म्हटलं, पाच मिनिटं असतील. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या मोडी कागदाकडे बोट केलं. "हा माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले. अजून पाणी लावलेलं नाही."

मग त्यांनी मला शाया शिकवल्या. पोथ्यांची शाई काजळाची, म्हणजे निव्वळ कार्बन. कशातच न विरघळणारा, काळाला दाद न देणारा. प्राच्यविद्या मंदिरातल्या हजारो पोथ्यांत अक्षरं अजून काळीभोर दिसतात ती म्हणून. आणि टाकाची, पत्रांची, हिशेबाची निळी-काळी शाई हिराकस आणि मायफळाची, म्हणजे लोखंड आणि टॅनिन. ती लिहिल्यावर हवेत काळी होते आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू कागद खाते. म्हणजे माझ्या पेरॉक्साइडने जे एका दुपारी केलं ते ती शाई स्वतःच सावकाश करत होती. हे ऐकून मला हलकं वाटलं नाही. उलट त्या वहीतली बाकीची पानं डोळ्यांपुढे आली. मॅडम म्हणाल्या, त्यावर इलाज आहेत, कॅल्शियम फायटेटचा एक आहे, पण तो करायला केमिस्ट्री नीट येणारी माणसं लागतात आणि ती इकडे वळत नाहीत. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, दिल्लीकडे संवर्धनाचं एम.ए. आहे, सायन्सच्या मुलांना घेतात. "जागा थोड्या, पैसा बेताचा, काम संपत नाही," असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मला तो सरळपणा आवडला.

त्यानंतर मी शनिवारी तिकडे जायला लागले. पहिले दोन महिने फक्त ब्रशने धूळ काढायची, मधून बाहेरच्या दिशेने, एका दिशेने. मनगटाचा जोर कसा काढून घ्यायचा हे शिकायला मला सहा शनिवार लागले. परत येताना मांडवीकडच्या सेंट्रल लायब्ररीत डोकावायचे. बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला सयाजीरावांनी १९१० मध्ये बोलावलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या. इथे लोखंडी कपाटांच्या मजल्यांना जमीन काचेची आहे, वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना मी आपोआप टाचा उचलल्या. त्या हिरवट उजेडात उभी असताना मला आजींच्या सासूबाई आठवल्या. १९०६ पासून या राज्यात शाळा सक्तीची झाली होती, मुलींनाही. तो कायदा नसता तर त्या छुंद्याच्या कृतीला अक्षर मिळालं असतं का? एवढं मोठं राज्य, त्याचे कायदे, पेट्या, काचेच्या जमिनी, आणि या सगळ्याचं टोक म्हणजे एका बाईने लिहिलेलं 'खांड' आणि पुढचं माप. आणि ते मी पुसलं.

होळी झाल्यावर मी आजींकडे पुन्हा वही मागितली. मागताना आवाज फुटत नव्हता. मॅडमनी सांगितलं होतं, गेलेली अक्षरं परत येणार नाहीत, पण कुरकुरीत भाग मागून पातळ जपानी कागद लावून सावरता येईल. त्यासाठी खळ लागेल, गव्हाच्या सत्वाची. बाहेरून मागवतात ती पावडर, पण करताही येते, गहू भिजवून, वाटून, गाळून, निवळी ओतून टाकत राहायची, ग्लूटेन जाईपर्यंत. हे मी आजींना सांगायला लागले तर त्या मध्येच म्हणाल्या, "अगं, मग हा चीकच की. कुरडयांचा."

त्यांनी गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, आंबूस वास जिन्यापर्यंत यायला लागला. चौथ्या दिवशी वाटले, फडक्यातून पिळून गाळले, पातेल्यात ठेवले. मी नेहमीपेक्षा जास्त वेळा धुवायला सांगितलं, त्यांनी कंटाळा न करता चार वेळा निवळी काढली. तळाशी खडूसारखा पांढरा थर बसला होता. पातेलं तिरपं धरून वरचं पाणी ओतताना त्यांचा हात कापत नव्हता. एरवी चहाचा कप धरताना कापतो. ते बघत बसले असतानाच त्यांनी सांगितलं. लग्नाला चार महिने झाले होते, छुंदा करताना सासूबाईंची वही समोर उघडी होती आणि हळदीचा डबा त्यांच्याच हातून सटकला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी वही स्वतः आणून आजींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता तूच ठेव. "मला वाटायचं, मी जायच्या आधी तेवढा डाग गेला पाहिजे," आजी म्हणाल्या.

मला काही बोलता आलं नाही. त्यांनी चीक मंद गॅसवर ठेवला, पळी फिरवत राहिल्या. दुधाळ पांढरा रंग हळूहळू काचेसारखा झाला, बुडबुड्यांचे फुगे फुटायला लागले.

रविवारी मॅडमच्या टेबलावर आम्ही पान मांडलं. आजींना मी रिक्षाने घेऊन गेले होते, त्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. खळ बारीक गाळणीतून दोनदा गाळली, पाणी घालून पातळ केली, ब्रशने जपानी कागदावर लावली. मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. मी तो पानाच्या मागे टेकवला, मधून बाहेरच्या दिशेने, मनगटाचा जोर काढून. वर टिपकागद, वर वजन. वाळायला रात्र लागते, म्हणून पान तिथेच ठेवलं.

बाबांना मी आदल्या रात्री सांगितलं होतं की मेमध्ये नंदेसरीला जाणार नाही, मॅडमकडे शिकणार आहे, आणि पुढे संवर्धनाच्या एम.ए.ला अर्ज करणार आहे. त्यांनी विचारलं, "पोट भरेल का गं?" मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. किती जागा असतात, काय पगार असतो, माझ्या एम.एस्सी.वर लॅबची नोकरी नंतरही मिळू शकते. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, कंपनीला नीट पत्र लिही, न कळवता राहू नकोस. फोन ठेवल्यावर मी खूप वेळ रडले, कशाचं ते मला सांगता येणार नाही.

पान आता वहीत परत आहे. बोटाला कुरकुरीत लागत नाही. हळद फिकट पिवळी दिसते, तिच्या कडेने माझा गंजाचा रंग. 'खांड' वाचता येतं, पुढचा आकडा येत नाही. परवा कैऱ्या आल्या तेव्हा आजींनी तो आकडा चाखून ठरवायचं ठरवलं. किसात खांड थोडी थोडी घालायची, चमचा तोंडात, मग माझ्या तोंडात. चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटले. "हं. असाच असायचा." मी नव्या वहीत लिहून घेतलं, काळ्या पेन्सिलीने, कारण ग्रॅफाइट म्हणजेही कार्बनच. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती अगाशीत उन्हाला ठेवली. वाटीत परवाच्या चिकातला उरलेला, दूध-साखर घातलेला थोडा चीक होता. आजींनी वाटी माझ्याकडे सरकवली आणि ऊन कुठवर आलंय ते बघायला पुन्हा बरणीपाशी गेल्या.